वाचकांचे प्रश्न : एकाच दागिन्यात दोन-तीन धातू

चांदीवर तांबं, पितळेत चांदी, स्टीलच्या कड्यावर सोन्याचा ठिपका असे दागिने हाताने घडवणाऱ्यांचे प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. बहुतेक अडचणींचं मूळ एकच आहे : कामाचा क्रम आधी ठरलेला नसतो. गरम काम सगळ्यात आधी, मग आम्लात सफाई, मग रंग आणि रिव्हेटसारखे (छिद्रातून घातलेल्या तारेची टोकं ठोकून पसरवलेले) थंड जोड शेवटी. पहिला पत्रा कापण्याआधी हा क्रम कागदावर लिहून काढावा.

तांब्याच्या पत्र्यावर चांदीची पानं झाळते. पानांच्या कडा वितळतात, कधी पान तांब्यात रुतल्यासारखं दिसतं आणि तरीही एखादं टोक सुटंच राहतं. डाख कमी पडतो का?

डाख, म्हणजे वितळून सांधा जोडणारा मिश्रधातू, पुरेसा आहे. तुमची ज्योत चुकीच्या जागी पडते आहे. शुद्ध चांदी ९६२ अंश सेल्सिअसला वितळते आणि तांबं १०८५ अंशांना, त्यामुळे हाताशी भरपूर वाव आहे असं वाटतं. पण हे दोन धातू एकमेकांना टेकून तापले की सांध्यावर ७२ टक्के चांदी आणि २८ टक्के तांबं असं मिश्रण होऊ लागतं, आणि ते ७८० अंशांच्या आसपासच पातळ होतं. पान तांब्यात रुततं ते यामुळे. तिथे डाख असण्याचीही गरज नसते. हार्ड डाख (डाखांत जास्त तापमानाला वितळणारा) वाहायला साधारण ७४० ते ७८० अंश लागतात, म्हणजे तो वाहिला आणि पान गेलं यांत श्वास घेण्याइतकाच वेळ मिळतो. या कामाला मीडियम किंवा इझी डाख घ्या. इझी साधारण ७०५ ते ७२५ अंशांच्या दरम्यान वाहतो, मीडियम ७२० ते ७६५ च्या. नेमका आकडा बनवणाऱ्यागणिक बदलतो, म्हणून पाकिटावर पाहून घ्या. त्यात कॅडमियम नाही, हेही तिथेच तपासा. कॅडमियमचा धूर फुप्फुसांना घातक असतो आणि जुन्या साठ्यातला डाख तसा असू शकतो.

आता कृती. चांदीचं पान उलटं ठेवून त्याच्या पाठीला टाकणखार (सांधा स्वच्छ ठेवणारा फ्लक्स) लावा, डाखाचे मिलिमीटरभराचे तुकडे पसरा आणि तो तिथेच वितळवून घ्या. थंड झाल्यावर आम्लात साफ करून पाठ कानशीने सपाट करा. डाखाचा पातळ, सलग थर उरला पाहिजे. उंचवटे ठेवले तर पान तरंगतं आणि एक टोक सुटं राहतं, तुमची तक्रार बहुधा इथलीच आहे. मग तांब्याचा पत्रा घासून घ्या, दोन्हीकडे टाकणखार लावा, पान जागेवर ठेवा आणि पत्रा लोखंडी जाळीवर उचलून ज्योत खालून द्या. डाख नेहमी जास्त तापलेल्या भागाकडे धावतो. वरून ज्योत दिली की छोटं पान आधी तापतं, जाड पत्रा थंडच राहतो आणि डाख पानाच्या अंगावर चढतो.

डोळे टाकणखारावर ठेवा. तो आधी फुगतो, मग बसतो आणि ७४० अंशांच्या सुमारास काचेसारखा पारदर्शक होतो. तो तसा झाला की मीडियम डाख वाहण्याच्या बेतात आला आहे असं समजा. इझी डाखासाठी मात्र साधा टाकणखार उशिरा जागा होतो, त्याला कमी तापमानाचा तयार फ्लक्स लागतो. त्यात बहुधा फ्लोराइड असतं, म्हणून खिडकी उघडी आणि पंखा बाहेर हवा फेकणारा हवा. पानाच्या कडेभोवती चमकती रेघ फिरली की ज्योत लगेच काढा. "आणखी थोडं" म्हणून थांबलात की पान रुतलंच.

आम्लातून काढलेली चांदी गुलाबी होते. घासली की जाते, पण खोलगट नक्षीत राहते.

तो तांब्याचा पातळ थर आहे. झाळल्यावर दागिना ज्या कोमट आम्लाच्या पाण्यात टाकतो, म्हणजे पिकलमध्ये, हळूहळू तांबं विरघळत जातं. त्यात लोखंडी चिमटा बुडाला, किंवा दागिन्यावर बांधणीची लोखंडी तार राहून गेली, की लोखंड विरघळतं आणि द्रावणातलं तांबं बाहेर पडून चांदीवर बसतं. चिमटा तांब्याचा, लाकडाचा किंवा प्लॅस्टिकचा ठेवा आणि बांधणीची तार आधी सोडवा.

बसलेला थर काढायला ताजं पिकल आणि ३ टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड समप्रमाणात घ्या आणि दोन-तीन मिनिटं दागिना त्यात ठेवा. नजर हलवू नका. हे मिश्रण तांबं खातं, त्यामुळे दागिन्यात तांब्याचा भाग असेल तर तोही कोरला जातो. तसा दागिना असेल तर दातांच्या मऊ ब्रशने प्युमिसची पूड लावून घासणं बरं.

पिकलसाठी १ लिटर पाण्यात ८० ते १०० ग्रॅम लिंबूसत्त्व पुरतं. ते कोमट ठेवा, उकळू देऊ नका. निळसर-हिरवं झालं की त्याचं काम मंदावतं. बाहेर काढलेला दागिना खायच्या सोड्याच्या पाण्यात बुडवून मग धुवा, नाहीतर सांध्यात अडकलेलं आम्ल दोन-तीन दिवसांनी हिरवा डाग होऊन वर येतं.

चांदी, तांबं आणि पितळ अशा तिन्ही धातूंचा लोलक काळा करायला लिव्हर ऑफ सल्फर वापरलं. चांदी आणि तांबं काळं झालं, पितळ तशीच पिवळी राहिली.

त्यात तुमची चूक नाही. गंधकाच्या या द्रावणाने चांदी आणि तांबं चटकन काळवंडतं, पितळ जवळजवळ नाही, आणि जास्त कसाचं सोनं मुळीच नाही. अनेक कारागीर हा फरक मुद्दाम वापरतात : काळ्या पार्श्वभूमीवर पितळेची रेघ उठून दिसते. आम्हालाही तेच जास्त आवडतं. सगळंच काळं करायचं असेल तर तीन धातू घेण्यात फारसा अर्थ उरत नाही.

तरीही पितळ काळी हवीच असेल तर आधीच्या प्रश्नातली खोड उपयोगी पडते. वापरून निळं झालेलं पिकल एका वेगळ्या भांड्यात घ्या, पितळेचा भाग लोखंडी तारेने बांधून त्यात सोडा. पितळेवर तांब्याचा थर चढेल. तो धुऊन मग गंधकाच्या द्रावणात घाला. थर पातळ असल्याने उंच भागांवर जोरात पॉलिश केलंत तर पिवळी पितळ पुन्हा डोकावेल.

प्रमाण सांगायचं तर लिव्हर ऑफ सल्फरचा हरभऱ्याएवढा खडा पाव लिटर गरम पाण्यात टाका. पाणी हाताला चटका बसेल इतकं असावं, उकळतं नको. दागिना आधी साबणाने धुवा. बोटांचा तेलकटपणा असेल तर तिथे ठिपके राहतात. बुडवायचं ते काही सेकंदच. काढा, धुवा, पाहा, पुन्हा बुडवा. चांदीवर आधी सोनेरी, मग गुलाबी-जांभळा, निळा आणि शेवटी काळा असा रंग चढतो. हवा तो आला की थंड पाण्यात आणि मग सोड्याच्या पाण्यात बुडवून थांबवा. घट्ट द्रावणात एकदाच बराच वेळ ठेवलेला दागिना जाड काळा थर धरतो आणि तो खपली होऊन निघतो. हलके थर पाच-सहा वेळा चढवलेले जास्त टिकतात.

एक गोष्ट कधीच करू नका : हे द्रावण आणि पिकल एकत्र. त्यातून हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू निघतो. दोन्ही भांडी वेगळ्या टेबलांवर हवीत, आणि पिकलमधून काढलेला दागिना सोड्यातून गेल्याशिवाय इकडे यायला नको.

एका धातूला रंग चढावा आणि दुसऱ्याला चढू नये, यावर बिदरी काम उभं आहे. तिथे जस्तप्रधान मिश्रधातूवर नवसागर मिसळलेल्या मातीचा लेप देतात. मिश्रधातू काळा होतो आणि त्यात ठोकून बसवलेली चांदी पांढरीच राहते. दोन धातू निवडताना त्यांच्या मूळ रंगांइतकाच, कोणता धातू कशाने काळा पडतो याचाही विचार करावा तो यासाठी.

तांबं आणि पितळ रिव्हेटने जोडतो. पहिलं रिव्हेट नीट बसतं, पुढच्यांची छिद्रं जुळत नाहीत. रिव्हेट ठोकलं तरी पत्रे हलत राहतात.

दोन वेगळ्या गोष्टी आहेत. छिद्रं जुळत नाहीत, कारण तुम्ही दोन्ही पत्र्यांत सगळी छिद्रं आधीच पाडत असणार. वरच्या पत्र्यात सगळी पाडा, खालच्यात फक्त एक. ते रिव्हेट पक्कं बसवा. मग वरच्या छिद्रातून ड्रिल घालून खालच्या पत्र्यात दुसरं छिद्र पाडा, रिव्हेट बसवा, मग त्याच्या समोरच्या टोकाचं. ठोकताना पत्रा किंचित पसरतो, म्हणून एकेक करत जायचं.

पत्रे हलतात ते छिद्र तारेपेक्षा मोठं असल्याने. हातोडी पडली की तार छिद्राच्या आतल्या मोकळ्या जागेत वाकते, डोकं पसरत नाही. १.३ मिलिमीटरच्या तारेला १.३ मिलिमीटरचंच ड्रिल हवं. तार रेटून जाईल इतकी घट्ट असावी. अडली तर तारेला बारीक पॉलिश पेपर फिरवा, छिद्राला हात लावू नका.

तारेची लांबी अशी धरा : पत्र्यांची एकूण जाडी, अधिक दोन्ही बाजूंना तारेच्या जाडीच्या निम्मी. ०.८ मिलिमीटरचं तांबं आणि ०.६ मिलिमीटरची पितळ मिळून १.४, त्यात दोन्हीकडचे ०.६५ मिळवले की २.७ मिलिमीटर. यापेक्षा जास्त ठेवली की वाकते, कमी ठेवली की डोकं बनत नाही. तारेची दोन्ही टोकं कानशीने काटकोनात सपाट करा. तिरक्या टोकावरून हातोडी घसरते आणि डोकं एका बाजूला पडतं.

तारेला आधी ताव देऊन मऊ करून घ्या. पोलादी ठोकळ्यावर ठेवून हातोडीच्या पातळ चोचीने हलके ठोके द्या, आधी एका दिशेने, मग आडव्या. चार-पाच ठोक्यांनंतर काम उलटा आणि तेच दुसऱ्या बाजूला करा. एकच बाजू पुरी करत बसलात तर तार दुसरीकडून आत ओढली जाते. शेवटी गोल तोंडाने डोकं घुमटाकार करा. डोकं पत्र्याच्या पातळीत हवं असेल तर छिद्राचं तोंड मोठ्या ड्रिलने थोडं निमुळतं करा, रिव्हेट त्यात पसरेल आणि वरचं कानशीने सपाट करता येईल. पितळेच्या पत्र्यात पितळेचंच रिव्हेट असं बसवलं की शोधूनही सापडत नाही. तांब्याचं बसवलं तर लाल ठिपका दिसतो. दोन्ही छानच, पण ठरवून करा.

पॉलिश आणि काळा रंग रिव्हेट लावण्याआधी पूर्ण करा. दोन पत्र्यांच्या फटीत शिरलेलं आम्ल किंवा पॉलिशची पूड नंतर निघत नाही.

स्टील, ॲल्युमिनियम आणि टायटॅनियम चांदीला झाळता येतं का?

ॲल्युमिनियम मुळीच नाही. ते ६६० अंशांना वितळतं, म्हणजे चांदीचा डाख वाहण्याआधीच. त्याची, शिशाची किंवा कथलाची कानसलेली पूड चांदीवर राहिली आणि चांदी तापली, तर ती पूड चांदीत शिरून खड्डे, कधी आरपार भोकं पाडते. या धातूंच्या कानशी वेगळ्या ठेवा आणि तशी खूण करा. टायटॅनियमवरचे निळे-जांभळे रंग विजेने चढवलेल्या ऑक्साइडच्या थराचे असतात, ज्योतीने ते बिघडतात. हे दोन्ही धातू रिव्हेटने किंवा कडीने पकडून धरा. स्टेनलेस स्टील झाळता येतं, पण त्याला फ्लोराइडवाला फ्लक्स लागतो आणि तापवायला घाई केलीत तर त्यावर असा ऑक्साइड बसतो की डाख गोळा होऊन लोळत राहतो.

तांब्याच्या अंगठीने बोट हिरवं होतं. ही ॲलर्जी आहे का? आतून चांदी बसवायची तर माप कसं काढायचं?

हिरवा रंग ॲलर्जीचा नाही. घामातल्या क्षारांनी आणि आम्लांनी तांब्याचे क्षार तयार होतात, ते साबणाने धुतले जातात. खाज, पुरळ, लाली असेल तर संशय निकेलवर घ्या. जर्मन सिल्व्हरमध्ये चांदी नसते, ते तांबं, निकेल आणि जस्ताचं मिश्रण आहे. काही पांढऱ्या सोन्यातही निकेल असतं. कानाच्या छिद्रातून जाणारी दांडी तांब्या-पितळेची करू नये. झुमका कोणत्याही धातूचा असो, दांडी टायटॅनियम, नायोबियम, शुद्ध चांदी किंवा निकेल नसलेल्या १८ कॅरट सोन्याची ठेवा. युरोपीय संघाच्या नियमात टोचलेल्या जागी घालायच्या भागातून आठवड्याला दर चौरस सेंटिमीटरला ०.२ मायक्रोग्रॅमपेक्षा कमीच निकेल सुटायला परवानगी आहे, इतर त्वचेला टेकणाऱ्या दागिन्यांना ०.५. इतकी मर्यादा कडक आहे, कारण एकदा निकेलची ॲलर्जी जडली की ती सहसा जात नाही.

आता अस्तराची अंगठी. पत्र्याची लांबी म्हणजे आतला व्यास अधिक पत्र्याची जाडी, गुणिले ३.१४. आतला व्यास १७ मिलिमीटर आणि चांदी ०.८ मिलिमीटर असेल, तर १७.८ गुणिले ३.१४ म्हणजे ५५.९ मिलिमीटर. या कड्याचा बाहेरचा व्यास १८.६ झाला. त्यावर १ मिलिमीटर जाडीचं तांबं बसवायचं तर १९.६ गुणिले ३.१४, म्हणजे ६१.५ मिलिमीटर. तांब्याची पट्टी यापेक्षा अर्धा मिलिमीटर कमीच कापा. दोन्ही कडी हार्ड डाखाने आपापली झाळून गोल करा, मग तांब्याचं कडं साच्यावर लाकडी हातोडीने ताणत चांदीवर कसून चढेल इतकं वाढवा. सैल कडं आवळता येत नाही, घट्ट ताणता येतं.

दोन्ही कड्यांचे सांधे समोरासमोरच्या बाजूला ठेवा. मग मीडियम डाखाने दोन्ही एकमेकांना झाळा. तापल्यावर चांदी तांब्यापेक्षा जरा जास्त प्रसरण पावते, त्यामुळे आत चांदी आणि बाहेर तांबं ही रचना झाळताना आपोआप घट्ट होते. उलट केलंत तर फट वाढते. अशी अंगठी नंतर मोठी करणं जवळपास अशक्य आहे. रुंद अंगठी बोटाला जास्त घट्ट वाटते, म्हणून माप घेताना त्याच रुंदीचं कडं घालून पाहा.

चांदीवर सोन्याचा पत्रा डाखाशिवाय चिकटवतात, ते घरी जमेल का?

ही कोरियातली कुम-बू पद्धत, आणि जमते. २४ कॅरट सोन्याचा सुमारे ०.०१ मिलिमीटरचा पत्रा लागतो. वर्ख चालत नाही, तो याहून कितीतरी पातळ असतो आणि चांदीत मुरून नाहीसा होतो. ९२५ चांदीच्या (९२.५ टक्के चांदी, बाकी बहुधा तांबं) पृष्ठभागावर शुद्ध चांदी आणावी लागते : मंद तापवा, पिकलमध्ये टाका, पितळी ब्रशने साबणपाण्यात घासा, असं पाच ते सात वेळा. दर फेरीत वरचं तांबं निघून जातं आणि शेवटी चांदी तापवूनही पांढरीच राहते. मग दागिना हॉटप्लेटवर ३०० ते ३७० अंशांपर्यंत तापवून त्यावर सोनं ठेवा. अकीकाच्या किंवा पोलादाच्या ओपणीने (गुळगुळीत टोकाच्या दाबणीने) मध्यापासून कडेकडे दाबत जा. दुसऱ्या हातात चिमट्याने दागिना धरलेला हवा आणि हातात मोजे. बुडबुडा आला तर सुईने टोचून पुन्हा दाबा.

सगळं झाळकाम याआधी संपलं पाहिजे. नंतर ज्योत दाखवलीत की सोनं चांदीत मुरून फिकट होतं. काळा रंग मात्र शेवटीच द्यायचा. चांदी काळी पडते, सोनं तसंच राहतं.

मोकुमे-गाने (वेगवेगळ्या धातूंचे थर जोडून लाकडासारखी नक्षी काढणं) भट्टीशिवाय करता येईल का?

तापमान धरून ठेवणारी भट्टी नसेल तर तयार पत्रा घ्या. तलवारीच्या साजासाठी सतराव्या शतकात जपानमध्ये घडलेली ही पद्धत थरांच्या निव्वळ उष्णतेने आणि दाबाने जुळण्यावर चालते. चांदी-तांब्याचे थर ७४० ते ७६० अंशांत काही तास राहावे लागतात. ७८० च्या पुढे गेलात की पहिल्या उत्तरातलं मिश्रण तयार होऊन सगळा गठ्ठाच वितळतो. ज्योतीने इतका वेळ इतकी नेमकी उष्णता देता येत नाही. डाखाने थर जोडून पाहणारे पुष्कळ असतात, पण ठोकताना डाखाचा थर आधी फुटतो आणि पापुद्रे सुटतात.

भट्टी असेल तर १ मिलिमीटरचे सात थर पुरेत. प्रत्येक पत्रा प्युमिसने घासा, मग स्पिरिटने पुसा आणि नंतर बोट लावू नका. एका ठशानेही थर सुटतो. दोन जाड पोलादी पट्ट्यांत चार बोल्टांनी आवळा, पट्ट्यांना गेरूचा लेप द्या म्हणजे धातू त्यांना चिकटणार नाही, आणि कोळशाच्या पुडीसह बंद पोलादी डब्यात ठेवा. कोळसा हवेतला ऑक्सिजन खातो. बाहेर आलेला गठ्ठा हलक्या ठोक्यांनी, वारंवार ताव देत बारीक करा. कडेला चीर दिसली की तिथेच थांबून कानशीने ती संपेपर्यंत काढा, नाहीतर ती थरांमध्ये धावत आत जाते. नक्षी कोरण्याचं काम गठ्ठा निम्म्या जाडीचा झाल्यावर करा. कोरल्यावर पुन्हा सपाट केलं की थर लाकडाच्या रेषांसारखे उमटतात.

रंग टिकावा म्हणून लाखेचा थर द्यावा का?

कानातल्याला किंवा ब्रोचला द्यायला हरकत नाही. अंगठी आणि कड्याला नको. तिथे तो घासून ठिकठिकाणी निघतो आणि मग उघडी जागा वेगळी काळवंडते. त्यापेक्षा मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा पातळ हात द्या. उतरलं की पुन्हा लावता येतं. अशा दागिन्याला चांदी उजळायचं तयार द्रावण कधीच लावू नका, ते मुद्दाम दिलेला काळेपणाही सोबत नेतं. सौम्य साबण, मऊ फडकं आणि नीट कोरडा करून हवाबंद पिशवी, एवढंच लागतं.